हबवर अडकलेले पैसे

पार्सल पोचवायचं काम मी पुण्यातल्या नऱ्ह्याच्या एका हबवरून, म्हणजे पार्सलं छाटून वाटायला देतात त्या केंद्रावरून, करत होतो. टी-शर्टवर नाव मोठ्या कंपनीचं, पैसे मात्र मधल्या वेंडरकडून. दोघांचीही नावं लिहीत नाही. एक तर पैशाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि दुसरं म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या टी-शर्टांतल्या पोरांशी बोललं की कळतं, नाव बदललं तरी रडगाणं तेच. हे काम सोडावं की धरून ठेवावं, या प्रश्नाने माझा २०२४ चा पावसाळा खाल्ला आणि दिवाळीही. ते ठरत कसं गेलं, तेवढं सांगतो.

काम मला आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो. माझा रूट सिंहगड रोडचा. विठ्ठलवाडी, आनंदनगर, एकतानगरी, हिंगणे. कुठल्या सोसायटीतल्या कुठल्या विंगची लिफ्ट कायम बंद असते, कुठला वॉचमन जेवायला जाताना गेटला कुलूप घालतो, कुठल्या बंगल्यात कुत्रं मोकळं सोडलेलं असतं, सगळं पाठ. कोणी फोनवर "शेजारी ठेवा" म्हणालं की नेमक्या कुठल्या शेजाऱ्याकडे ठेवायचं आणि कुठल्या शेजाऱ्याशी त्यांचं वाकडं आहे, इथपर्यंत माहिती. ॲपमधली पिन दोन गल्ल्या पलीकडे पडलेली असली तरी पार्सल बरोबर घरी जायचं. 'डिलिव्हरी बॉयने सर्व्हिस लिफ्टच वापरावी' असल्या पाट्यांचा सुरुवातीला राग यायचा. पुढे लक्षात आलं की सर्व्हिस लिफ्ट लवकर येते.

त्यामुळे प्रश्न कामाचा नव्हता. हिशेबाचा होता.

सकाळी सातला हबवर हजर. रात्रीच्या गाडीतून आलेल्या गोण्या फरशीवर ओतलेल्या असतात. पिनकोडप्रमाणे ढीग लागतात. आपल्या ढिगातला एकेक डाग, म्हणजे पार्सल, उचलायचा, बारकोड स्कॅन करायचा, बॅगेत भरायचा. शेवटी रनशीट, म्हणजे आपल्या नावावरच्या डागांची यादी, निघते, तिच्यावर सही करायची. सगळी गोम त्या सहीत आहे. नेटवर्क गेलेलं असतं, टीएल (टीम लीडर) ओरडत असतो, "नऊच्या आत गेट सोडा रे", आणि सॉर्टरने घाईघाईत काही डाग तुमच्या नावावर आधीच स्कॅन करून ठेवलेले असतात. साठ-सत्तर डागांत एखादा कागदावर आहे आणि ढिगात नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजत बसलं तर "काय बँकेत आलायस का?" असं ऐकून घ्यावं लागतं. सही झाली की तो डाग तुमचा. रात्री परत आल्यावर सापडला नाही तर तो 'शॉर्ट', आणि शॉर्टची किंमत तुमच्या पेआउटमधून वजा. त्याला हबवर नुसतं 'डेबिट' म्हणतात. "याला डेबिट पडलं", "त्याला मोठं डेबिट पडलं", हीच तिथली रोजची बातमी.

रेट लहान डागाला १४ रुपये, मोठ्याला २५. तोही पोचला तर. कस्टमर घरी नाही, ओटीपी द्यायला तयार नाही, पैसे काढायला विसरला, तर चौथ्या मजल्यापर्यंत चढलेलं फुकट. हे मला खटकत नव्हतं असं नाही, पण ते काम घेतानाच माहीत होतं. डेबिटचं तसं नाही. ते कुठून येईल आणि किती येईल, याचा पत्ता नसतो.

२५ जुलै २०२४ ची पहाट सिंहगड रोडवरचं कोणी विसरलेलं नाही. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी पहाटेपर्यंत ३५ हजार क्युसेकच्या वर गेलं आणि एकतानगरीतली माणसं झोपेतून उठली ती पाण्यातच. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, लोकांना बोटीतून बाहेर काढायला लष्कर आलं. माझ्याच रूटचा तो भाग. त्या दिवशीही हबवर लोड आला. टीएल म्हणाला, "जमेल तेवढं वाट, उरलेलं परत आण." वरच्या अंगाच्या सोसायट्यांत जमेल तेवढं वाटलं, बाकीचं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परत आणलं. पुढच्या पेआउटमध्ये त्यातले दोन डाग 'वॉटर डॅमेज' म्हणून माझ्या नावावर. एकात शाळेची पुस्तकं, दुसऱ्यात उशा. ज्या रस्त्यावर बोटी फिरत होत्या तिथे उशी ओली झाली, ही माझी चूक!

मग ऑगस्टमध्ये घड्याळाचं प्रकरण झालं, आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला.

हे डिलिव्हरीचं नव्हतं, रिटर्न पिकअपचं होतं. वडगावच्या बाजूच्या एका सोसायटीत एका बाईंना स्मार्टवॉच परत करायचं होतं. पिकअपला दारातच तपासणी करावी लागते. खोका उघडायचा, वस्तू बघायची, नंबर जुळवायचा, ॲपमधूनच फोटो काढायचे. ते फोटो आपल्या गॅलरीत राहत नाहीत, थेट कंपनीकडे जातात. मी सगळं केलं. घड्याळ खोक्यात होतं, चार्जर होता, खोक्यावरचा नंबर आणि ॲपमधला नंबर एक होता. बाईंच्या समोर टेप लावली, हबवर जमा केलं, स्कॅन झालं. तिथून तो डाग रात्रपाळीच्या मुलांनी गोणीत भरला, गोणीला सील लागलं, गाडी भिवंडीच्या गोदामाकडे गेली. दोनेक आठवड्यांनी मेसेज: 'एम्प्टी बॉक्स रिसीव्ह्ड. डेबिट ४,२९९.'

माझ्या हातातून तो खोका सुटल्यावर किमान चार-पाच माणसांच्या हातातून गेला असणार. पण साखळीत नावाने ओळखता येणारा माणूस मी एकटाच. बाकीचे पगारी, त्यांचे पैसे कापायचे तर कागदपत्रं करावी लागतात. माझे कापायला एक क्लिक पुरते.

इन्चार्ज सरांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, "हे बघ, मला इथून काहीच करता येत नाही. तिकीट टाकतो." तिकीट टाकलं. 'क्लोज्ड' झालं. परत टाकलं. परत क्लोज्ड. त्याच महिन्यात सगळ्यांच्या पेआउटमध्ये तीनशे-साडेतीनशे रुपये 'कॉमन लॉस' म्हणून कमी आले. हबवरून गहाळ झालेले जे डाग कोणाच्याच रनशीटवर नव्हते, ते सगळ्यांवर वाटून टाकले होते. कोणाचं नुकसान ते कळत नाही, म्हणून सगळ्यांचं. हा हिशेब कोणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे, पण डोकं तल्लख असणार.

कॉमन लॉसवरून एक सकाळ आम्ही गेटवर बसलोही. कोणी स्कॅनिंग करायचं नाही असं ठरलं. नऊ वाजता वेंडरचा माणूस आला, चहा मागवला, "वरती बोलतो" म्हणाला. दहा वाजता कात्रजच्या बाजूच्या हबवरची पोरं गाड्या घेऊन आली आणि आमचे ढीग उचलायला लागली. त्यांना तरी काय बोलणार? त्यांनाही त्या दिवशी जास्तीचे डाग मिळत होते. साडेअकराला आमच्यातले निम्मे स्कॅनिंगला उभे राहिले. त्या दिवसाचे पैसे बुडाले ते बुडालेच. वर ग्रुपवर मेसेज आला की ज्यांना काम करायचं नाही त्यांनी आयडी जमा करावा.

आयडी जमा करून टाकायची खुमखुमी मला त्या दिवशी खूप होती. पण केला नाही, आणि त्याचं कारण धीर वगैरे काही नाही. पेआउट दोन टप्प्यांत व्हायचा. पहिल्या पंधरवड्याचे पैसे महिनाअखेरीला, दुसऱ्या पंधरवड्याचे पुढच्या पंधरा तारखेला. म्हणजे कुठल्याही दिवशी माझे बारा ते वीस-बावीस हजार रुपये वेंडरकडे अडकलेले. शिवाय सुरुवातीला कापलेलं तीन हजारांचं डिपॉझिट. काम सोडलं तर 'फुल अँड फायनल' ४५ दिवसांनी. म्हणजे भाडं, पोरीची बालवाडी आणि बाइकचा हप्ता, सगळं दीड महिना वाऱ्यावर. हबवर जी पोरं वर्षानुवर्षं टिकली होती, त्यांतली बरीच या अडकलेल्या पैशामुळे टिकली होती. 'एवढं डेबिट रिव्हर्स झालं की सोडतो', 'हा पेआउट पडला की बघतो.' तो पडायचा तोवर पुढचा अडकलेला असायचा.

मीही घरी तेच बोलत होतो. मनीषा, म्हणजे माझी बायको, फॉल-पिकोचं काम करते. कोणाची साडी कधी आली, किती घ्यायचे, किती मिळाले, हे ती शाळेच्या दोनशेपानी वहीत लिहून ठेवते. एका रात्री माझं तेच ते ऐकून ती म्हणाली, "अहो, तुम्हाला पैसे वसूल करायचेत की नोकरी करायचीय? दोन्ही एक नाहीये." मग वहीचं मागचं पान उघडलं आणि म्हणाली, "सांगा, मी लिहिते."

तो हिशेब जसाच्या तसा देतो, कारण असा हिशेब हबवर कोणी केलेला मी पाहिला नव्हता. आम्ही सगळे पेआउटचा आकडा सांगायचो आणि त्यालाच कमाई म्हणायचो.

दिवसाला सरासरी ६५ डाग पोचले असं धरलं. १४ रुपयांनी ९१०. महिन्याचे २६ दिवस धरले तर २३,६६०. ऐकायला बरं वाटतं. आता वजाबाकी. एक टक्का टीडीएस, २३६. दिवसाला पन्नासेक किलोमीटर, तेही दर दोन मिनिटांनी थांबत, बाइकवर मागे-पुढे लोड घेऊन. ४० चं ॲव्हरेज मिळालं तरी नशीब. पुण्यातलं १०४ चं पेट्रोल धरून महिन्याला चौतीसशेच्या आसपास. ऑइल, ब्रेक-शू, चेन-स्प्रॉकेट, दीडेक वर्षाने टायर, हे सगळं महिन्यावर पसरलं तर हजार. फोनचा रिचार्ज तीनशे. आणि डेबिट. मागचे पेआउट उघडून मनीषाने बेरीज मारली, सरासरी अठराशेच्या घरात. राहिले सतरा हजार.

"तास किती?" तिने विचारलं. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, सीओडीचे, म्हणजे कस्टमरने दारात दिलेले, पैसे भरून निघायला कधी सातही. अकरा धरू. २६ दिवसांचे २८६. सतरा हजाराला भागलं तर तासाला साठ रुपयेसुद्धा पुरते येईनात.

ती काही बोलली नाही. फॉल-पिकोच्या एका साडीचे ती किती घेते आणि तिला किती वेळ लागतो, हे मला माहीत होतं, त्यामुळे बोलायची गरजही नव्हती.

वजाबाकीत न लिहिलेलं बरंच होतं. पडलो तर काय? आमच्या हबवरचा एकजण नवले पुलाच्या उताराला घसरून पाय मोडून बसला होता, तीन महिने. पेआउट शून्य. वेंडर म्हणायचा इन्शुरन्स आहे, पण त्याचा कागद कोणी पाहिलेला नव्हता. मी त्याच आठवड्यात बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विम्याचा फॉर्म भरला. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. मोडलेल्या पायाच्या तीन महिन्यांना त्यात काही नाही, तरी २० रुपयांत नाही म्हणण्यासारखंही काही नाही. कोणी भरला नसेल तर भरून टाका.

गणपतीत मामा घरी आले. आम्ही बार्शीकडचे, मामा पुण्यात मार्केट यार्डात हमाली करत निवृत्तीला आलेले. मी डेबिटचं सांगायला लागलो तर त्यांना समजेचना. "म्हंजे खोकं त्यांच्या गाडीत रिकामं झालं, आन् पैसं तू भरायचं?" मी म्हटलं, हो. "तुझं मंडळ कंचं?" मंडळ नाही, मी म्हटलं. "टोळी?" टोळी नाही. "मग मुकादम तरी?" टीएल आहे, पण तो त्यांचा माणूस. मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोतं उतरवताना शिलाई उसवली तर आम्ही सांडलेलं भरून देतो. अख्ख्या पोत्याचं पैसं माझ्याकडनं घेतलं, असं आजवर कुणी केलं न्हाई."

माथाडी कायदा १९६९ चा. मामांची पिढी पाठीवर पोती घेऊन त्या कायद्यात आली. त्यांची मजुरी मंडळात जमा होते, मालकाला वर लेव्ही भरावी लागते, तिच्यातून फंड, बोनस, सुट्टी. मामा तिसरीपर्यंत शिकलेले, पण आपला पैसा कुठे जमा होतो आणि कुठल्या खिडकीत विचारायचं हे त्यांना माहीत. मी बी.कॉम. झालेला, आणि माझ्या पैशाची खिडकी म्हणजे 'क्लोज्ड' लिहिलेलं तिकीट. त्या रात्री मला आपल्या शिक्षणाची लाज वाटली नाही, मात्र गंमत वाटली.

मनीषाच्या सांगण्याप्रमाणे दोन प्रश्न वेगळे केले. आधी वसुलीचा.

ॲपमधली तिकिटं बंद केली आणि वेंडरला सरळ ई-मेल लिहिला, मराठीत, अर्जासारखा. घड्याळाच्या डागाचा नंबर, जमा केल्याची तारीख आणि वेळ, आणि मुद्दे: माझे दारातले फोटो दाखवा, गोणीचा सील नंबर आणि गोदामात ती कोणी उघडली ते सांगा, कापण्याआधी माझं म्हणणं का घेतलं नाही ते कळवा. २५ जुलैच्या दोन डागांसाठी टीएलचा "परत आण" हा ग्रुपवरचा मेसेज जोडला. ई-मेलचा फायदा असा की तो परस्पर क्लोज्ड होत नाही.

मग एक दिवस सुट्टी टाकून कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी करार वाचला. त्यात मी 'स्वतंत्र कंत्राटदार'. ते म्हणाले, मजुरी देण्याचा कायदा १९३६ चा आहे (तेव्हा तोच लागू होता), त्यात नुकसानीपोटी पैसे कापायचे असतील तर कामगाराचा निष्काळजीपणा असावा लागतो आणि त्याला आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. "पण तो कामगाराला. तुम्ही कामगार आहात हे आधी सिद्ध करावं लागेल." त्यासाठी काय जपून ठेवायचं तेही सांगितलं: आयडी कार्डाचा फोटो, सकाळच्या हजेरीच्या सेल्फीचे स्क्रीनशॉट, 'सातला आलं नाही तर दंड' असे ग्रुपवरचे मेसेज, बँकेचं स्टेटमेंट. वेळ कोण ठरवतं, रजा कोण देतं, दंड कोण लावतं, यावरून माणूस कंत्राटदार की कामगार ते ठरवायला मदत होते. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, असंही म्हणाले. मी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. निकाल लागेल न लागेल, पण तो क्रमांक पुढच्या ई-मेलमध्ये घातल्यावर वॉटर डॅमेजचे दोन्ही डेबिट आठवड्याभरात रिव्हर्स झाले. घड्याळाचं नाही.

आता दुसरा प्रश्न, राहायचं की नाही. इथे मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो असं म्हणता येईल. उशांचे पैसे परत आले आणि वाटायला लागलं की बोललं की होतं की! शिवाय ऑक्टोबर तोंडावर. सणाच्या सेलमध्ये लोड दुप्पट, रेटवर इन्सेंटिव्ह. सोमा, माझा हबवरचा दोस्त, रोज कानाशी लागलेला: "आत्ता सोडलास तर येडा आहेस."

मनीषाने वहीत दुसरं पान केलं. या वेळी तिने फक्त एक गोष्ट विचारली, की उद्यापासून डेबिट शून्य झालं तर किती राहतात. एकोणीस हजारांच्या आत. तासाला पासष्ट. म्हणजे अन्याय पूर्ण थांबला, वेंडर साधुसंत झाला, तरी वर पाचच रुपये. बाकीचं न्यायाचं नव्हतं, रेटचं होतं, आणि रेट आमच्या हातात नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो सोळा होता.

हे कागदावर आलं तेव्हा मी सोडायचं ठरवलं. डेबिटचा राग मनात होताच, पण सोडायचं कारण तो राहिला नाही. त्यामुळे घाईही राहिली नाही. उलट सेल पुरता कमवायचा ठरवला. ३१ ऑक्टोबरपर्यंत लोड घ्यायचा आणि नोव्हेंबरचा एकही डाग नावावर घ्यायचा नाही. म्हणजे १५ नोव्हेंबरला ऑक्टोबरचे उरलेले पैसे पडले की वेंडरकडे डिपॉझिटखेरीज काही अडकलेलं राहणार नाही. पंधरवड्याच्या मध्ये सोडणाऱ्यांचे हाल होतात, आणि रागावलेला माणूस नेमका मध्येच सोडतो.

त्या महिन्यात मी मोजल्याशिवाय सही केली नाही. टीएल ओरडायचा, मी मोजायचो. गेट सोडायला पंधरावीस मिनिटं उशीर व्हायचा. जो डाग ढिगात नाही तो रनशीटवर पेनने खोडायचा, बाजूला सॉर्टरची सही घ्यायची, फोटो काढायचा. महिन्याला शॉर्टचं डेबिट शून्य आलं. हे आधीपासून का केलं नाही, असं सोमाने विचारलं. आधी मला तिथे राहायचं होतं, म्हणून.

नवं काम रूटवरच सापडलं. आनंदनगरमधल्या एका केमिस्टकडे मी रोज पार्सल द्यायचो. त्यांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, सदाशिव पेठेतल्या आमच्या डिस्ट्रिब्युटरला रस्ते माहीत असलेला माणूस हवाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्यातल्या मेडिकलच्या दुकानांना माल पुरवणारे बरेचसे घाऊक व्यापारी सदाशिव पेठेत आहेत, आणि त्यांची पोरं दिवसभर दुकानोदुकानी खोकी पोचवत असतात. बिल द्यायचं, चेक आणायचा, एक्स्पायरीचा माल मोजून परत आणायचा, इन्सुलिन थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पॅकवर ठेवून आधी पोचवायचं.

शेठनी पगार सांगितला साडेसोळा हजार. तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं तर नाही म्हणालो असतो. घरी येऊन वही उघडली. बेसिक पंधरा हजार, त्यावर १२ टक्के पीएफ १,८००, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे १२४, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात चौदा हजार तीनशेच्या आसपास. हबपेक्षा पावणेतीन हजार कमी. पण साडेनऊ ते सात, रविवार बंद, स्कूटर दुकानाची, पेट्रोल दुकानाचं. तासाला अठ्ठावन्न, म्हणजे तिथल्याइतकेच. वर मालकाचे पीएफचे १२ टक्के, त्यातले ८.३३ पेन्शनला. आणि ईएसआय. कामावर पडलो आणि घरी बसावं लागलं तर पगाराच्या ९० टक्के रक्कम, तीही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. मनीषा आणि पोरीचा दवाखानाही त्यातच. नवले पुलाच्या उताराचा जो रकाना आमच्या पहिल्या पानावर रिकामा होता, तो इथे भरत होता.

पावणेतीन हजारांची खोट कशी भरायची यावर घरात दोन-तीन दिवस खल झाला. बाइकला विश्रांती मिळाल्याने थोडी भरली. मनीषाने ब्लाउजची शिलाई घ्यायला सुरुवात केली, त्याने बरीचशी. हे तिच्या जिवावर झालं हे लिहायला हवं, नाहीतर हा सगळा माझ्या हुशारीचा किस्सा वाटेल.

भाऊबीज झाल्यावर कामाला लागलो. हब सोडताना सीओडीचा भरणा शून्य असल्याची पावती घेतली, बॅग, आयडी आणि टी-शर्ट जमा केल्याचं इन्चार्ज सरांकडून लिहून घेतलं, त्याच रात्री राजीनाम्याचा ई-मेल टाकला. पंधरा तारखेचे पैसे आले. डिपॉझिट मात्र 'कॉमन लॉस ॲडजस्टेड' म्हणून गायब झालं. ते आणि घड्याळाचे ४,२९९ अजून अर्जातच आहेत. टीडीएसचा रिफंड मात्र मिळाला. सोसायटीतल्या एका मुलाने इन्कम टॅक्स रिटर्नचा 'सुगम' फॉर्म भरून दिला, अडीच हजारांच्या आसपास खात्यात आले. हबवरच्या बऱ्याच पोरांना ते पैसे परत मिळतात हेच माहीत नाही. कापले ते गेले, असं समजून सोडून देतात.

२१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता, जिच्यात ॲपवरून काम करणारे गिग कामगारही येतात, लागू झाली तेव्हा सोमाचा फोन आला, "आता आपलं पण मंडळ होणार म्हणे." मी वाचलं होतं. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरायची, मात्र कामगारांना दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही. विमा, दवाखाना, म्हातारपण, यासाठी ते चांगलंच आहे, आणि सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नाव घालून ठेव असं मी त्याला सांगितलं. डेबिटबद्दल त्यात त्याला हवं ते नव्हतं. कर्नाटकच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्यात पैसे कापले तर कारण कळवायची अट आहे, पण नऱ्ह्याचं हब कर्नाटकात नाही.

सोमा अजून तिथेच आहे, आणि त्याचं तिथे असणं मला चुकीचं वाटत नाही. आम्ही त्याचाही हिशेब केला होता. धायरीत स्वतःचं घर, भाडं नाही. बाइक इलेक्ट्रिक, त्यामुळे पेट्रोलचे चौतीसशे नाहीत. वय चोवीस, पोचवतो नव्वदच्या वर. त्याचा तास शंभरीच्या जवळ जातो, आणि त्याला संध्याकाळी कात्रजला जिममध्ये शिकवायचं असतं, ते सदाशिव पेठेतून जमलं नसतं. त्याच्या वहीत उत्तर वेगळं येतं. फक्त मोजल्याशिवाय सही करत नाही. आता त्याच्या बाजूची दोघं-तिघंही करत नाहीत, आणि नऊचं गेट साडेनऊला सुटतं.

मागच्या महिन्यात त्याला एका ट्रिमरचं डेबिट पडलं. माझा जुना ई-मेल मागून घेतला, नाव, तारीख आणि डागाचा नंबर बदलला आणि पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'अंडर रिव्ह्यू'. माझ्या वेळी तेवढंही आलं नव्हतं.